हातातला टाळ सुटला तर

(शताब्दी सप्ताहात हरिपाठानंतर, कीर्तनाच्या आधी केलेलं भाषण. मंडळींनी आग्रह केला म्हणून स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)

आम्ही म्हणजे दिंडीतली औषधाची पेटी सांभाळणारे चौघे जण. एक निवृत्त आरोग्यसेवक, एक नर्सताई, एक औषधाच्या दुकानात काम केलेला पोरगा आणि एक नुसतीच पेटी उचलणारा. आमच्यात डॉक्टर कोणी नाही. आज जे सांगणार आहोत ते थोडं डॉक्टरांकडून शिकलेलं आहे आणि थोडं आमच्या स्वतःच्या चुकीतून. कीर्तनाला उशीर होऊ देणार नाही, तेवढा वेळ आम्हाला द्या.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावातून पहिली पताका निघाली, तेव्हा घरच्यांना मोठी धास्ती असायची ती पटकीची. वारीत कॉलरा शिरला की वाटेवरच माणसं जात. म्हातारी माणसं सांगायची, वारकऱ्याला वेशीपर्यंत पोचवायला सगळं घर येई, कारण तो परत दिसेल याची खात्री नसे. पुढं टोचून घ्यायची सोय झाली, विहिरीत औषध पडू लागलं, टँकर आले. पटकीची धास्ती गेली. ती पांडुरंगानं घालवली असं कोणी म्हणालं तर आमची हरकत नाही; पण विहिरीत औषध टाकणारे हात माणसांचेच होते.

आता दुसरं एक दुखणं आपल्या सोबत चालायलंय. ते दिसत नाही, ताप येत नाही, दुखत नाही. एके दिवशी अचानक माणूस आडवा होतो. कोणी त्याला लकवा म्हणतं, कोणी अर्धांगवायू, कोणी म्हणतं अंगावरून वारं गेलं. डॉक्टर स्ट्रोक म्हणतात. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. ज्यांच्या बाबतीत ती झाली ते आज या मंडपात खांबाला टेकून बसलेत. नाव घेत नाही, गावाला माहीत आहे. त्यांच्या घरच्यांना विचारूनच हे सांगतो आहोत.

काही वर्षांपूर्वीची आषाढी. गंगाखेड ओलांडून दिंडी परळीच्या वाटेला लागली होती. दुपारची वेळ, ऊन आणि दमट हवा. चालता चालता यांच्या उजव्या हातातला टाळ सुटला आणि दोरीला लोंबकळला. शेजारच्यानं विचारलं, "काय झालं हो?" म्हणाले, "काही नाही, हाताला मुंग्या यायलेत." त्यांचा शब्द थोडा जड येत होता. झाडाखाली बसवलं. दहा मिनिटांत हात पहिल्यासारखा झाला. चहा घेतला, हसले आणि परत रांगेत उभे राहिले. आम्ही काय केलं? पेटीतून बामची डबी काढून दिली!

दुसऱ्या दिवशी रात्री मुक्कामाला पंगत बसली. नऊ वाजले असतील. पाणी पिताना यांच्या तोंडाच्या एका कोपऱ्यातून पाणी सांडलं. बोलायला गेले तर बोबडं आलं. कोणी म्हणालं, थकलेत, झोपू द्या. कोणी तेल कोमट करून आणलं आणि हातापायाला चोळलं. कोणी चहा पाजायला बघितला, तो बाहेर आला. एकानं अंगारा लावला. मुक्कामाच्या जागेबाहेर आपली गाडी उभी होती. खिशात फोन होते, १०८ नंबर सगळ्यांना पाठ होता. तरी सगळ्यांनी, त्यात आम्हीही आलो, एकच ठरवलं : रात्रीची दगदग नको, सकाळी बघू.

पहाटे काकड्याला उठवायला गेलो तर उजवा हात, उजवा पाय हलत नव्हता आणि वाचा गेलेली होती. मग गाडी पळवली. मोठा दवाखाना तासाभराच्या वाटेवर होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे कधी सुरू झालं?" आम्ही सांगितलं, रात्री नऊला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सकाळचे साडेसहा वाजत आले होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गुठळी विरघळवायचं औषध आहे, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं."

ते औषध मिळालं असतं तर ते नक्की बरे झाले असते, असं कोणी डॉक्टर सांगत नाही. पण त्या माणसाला एक संधी होती, आणि ती आम्ही तेल चोळण्यात घालवली. ते वाक्य आजही आमच्या कानात आहे.

तर हे दुखणं नेमकं आहे काय? आपल्या भागात हळद पिकते, ठिबक सगळ्यांना माहीत आहे. नळीत कचरा अडकला की पुढच्या झाडाला पाणी जात नाही आणि ते सुकतं. किंवा मोटरचा दाब जास्त झाला की जुनी नळी फुटते आणि पाणी भलतीकडंच पसरतं. मेंदूचं तसंच आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. दहातल्या आठ जणांच्या लकव्यात नळीत रक्ताची गुठळी अडकलेली असते. बाकीच्यांत नळी फुटून मेंदूत रक्त पसरतं. दोन्हीत मेंदूचा तेवढा भाग उपाशी राहतो आणि मरू लागतो. शास्त्रज्ञांनी हिशेब केला आहे, मोठी नळी तुंबली तर उपचाराविना दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. झाड सुकलं तर दुसरं लावता येतं. मेंदूची मेलेली पेशी परत येत नाही.

आणि मेंदूचा कारभार उलटा आहे. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, उजवा मेंदू डावं अंग. बहुतेकांची वाचा डाव्या मेंदूत असते. म्हणून उजवं अंग गेलं की बऱ्याच वेळा बोलणंही जातं. यात बाहेरचं काही नाही, कोणाची नजर नाही, करणी नाही. वारं शिरत नाही, रक्त पोचत नाही.

आता हे ओळखायचं कसं, ते नीट ऐका. वारकऱ्याला हे सगळ्यात सोपं आहे, कारण जे आपण रोज करतो त्यातच त्याची परीक्षा आहे. चार गोष्टी आहेत : हसा, हात वर करा, नाम घ्या, घड्याळ बघा.

पहिलं, हसा. त्या माणसाला म्हणा, दात दाखवून हसा. तोंड एका बाजूला वाकडं होत असेल, एक गाल लोंबत असेल, तर ती खूण.

दुसरं, हात वर करा. भजनात दोन्ही हात उंच करतो तसे करायला सांगा आणि डोळे मिटून दहा अंक मोजेपर्यंत तसेच धरायला लावा. एक हात उचलतच नसेल किंवा आपोआप खाली यायला लागला, तर ती खूण. पायाचंही तसंच, एक पाय फरफटू लागला की समजा.

तिसरं, नाम घ्या. त्यांना "राम कृष्ण हरी" म्हणायला लावा आणि मग स्वतःचं नाव-गाव विचारा. नामाच्या सवयीनं नाम तेवढं नीट निघू शकतं, म्हणून नाव-गाव विचारणं चुकवू नका. शब्द बोबडा आला, भलताच आला, आलाच नाही, किंवा आपण काय विचारतोय तेच त्यांना कळेना, तर ती खूण.

चौथं, घड्याळ बघा. यातली एकही खूण दिसली की लगेच घड्याळ बघा आणि वेळ ध्यानात ठेवा. तिन्ही दिसायची वाट बघायची नाही. एक पुरे.

आणखी काही खुणा आहेत. अचानक एका डोळ्यानं दिसेनासं होणं किंवा एकाचे दोन दिसणं. अचानक तोल जाऊन दारू प्यायल्यासारखं चालणं. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकाएकी फुटल्यासारखं दुखणं. सगळ्यांत एकच शब्द धरून ठेवा : अचानक. गुडघा वर्षानुवर्षं दुखतो तो लकवा नव्हे. मघाशी नीट चालणारा माणूस आत्ता नीट चालत नाही, तो लकवा असू शकतो.

खूण दिसली की काय करायचं? १०८ ला फोन लावायचा. ही गाडी फुकट आहे. फोनवर "चक्कर आली" म्हणू नका. "लकव्याची लक्षणं आहेत, इतक्या वाजता सुरू झाली" असं सांगा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनानं निघा. आणि जिथं सीटी स्कॅनचं मशीन रात्रंदिवस चालू असतं, अशाच दवाखान्यात जा. हे का? गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून पाहून मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. फोटो काढल्यावरच कळतं. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका गुण जास्त. काही रुग्णांची मोठी गुठळी तार घालून काढताही येते आणि त्यासाठी वेळ थोडा जास्त मिळतो, पण ती सोय मोठ्या शहरात असते. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. म्हणून आधी फोटो, मग औषध.

आता आपल्या जिल्ह्याचा हिशेब मांडू. समजा हिंगोलीहून नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जायचं आहे. कळमनुरी, वारंगा फाटा, अर्धापूर करत दीड-दोन तास धरा. सेनगावकडच्या आडगावातून आधी हिंगोली गाठायची तर आणखी वेळ. गाडी यायला अर्धा-पाऊण तास. तिथं पोचल्यावर तपासणी, फोटो, रक्त, त्याला तासभर. झाले की चार तास! या साडेचार तासांत जावयाची वाट बघायला, भावकी गोळा करायला, शेतातल्या पोराला बोलवायला जागाच नाही. भावकीला मागून येऊ द्या. रुग्णाला आधी निघू द्या.

काय करायचं नाही, तेही सांगतो. तोंडात काही घालू नका. पाणी नाही, चहा नाही, तीर्थसुद्धा नाही. गिळायची ताकद गेलेली असते, घोट फुप्फुसात जातो आणि न्युमोनिया होतो. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं देऊ नका, आत रक्तस्राव असेल तर ती घात करील. बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका, दाब एकदम उतरला तर मेंदूला उरलंसुरलं रक्तही मिळत नाही. तेल चोळू नका, बोट टोचून रक्त काढू नका. बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवा. झोपेतून उठतानाच अंग गेलेलं दिसलं, तर रात्री शेवटचं ठीक कधी बघितलं होतं ती वेळ सांगा. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. शुगरवाला माणूस असेल तर शुगर तपासायला सांगा, कारण साखर फार उतरली तरी अशीच लक्षणं दिसतात.

काही मंडळी म्हणतील, अमक्या गावात लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतात, तिथं गुण येतो. आम्ही कोणाच्या श्रद्धेला नावं ठेवत नाही. पण पहिला दिवस त्या वाटेवर घालवू नका. कधी कधी सूज ओसरल्यावर थोडं अंग आपोआप परत येतं आणि नाव भलत्याचंच होतं.

आता त्या दुपारकडं परत येऊ. टाळ सुटला आणि दहा मिनिटांत हात बरा झाला. हेच ते फसवं. गुठळी क्षणभर अडकली आणि पुढं सरकली. याला छोटा झटका म्हणतात. तो म्हणजे मोठ्या झटक्याआधी दारावर पडलेली थाप आहे, आणि मोठा झटका यायचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. आमच्याकडं तो दुसऱ्याच रात्री आला. म्हणून बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. दहा मिनिटांत बरा झालेला माणूसही त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचा. त्या दुपारी नेलं असतं तर रात्र कदाचित आलीच नसती.

कोणी म्हणेल, हे शहरातल्या, खुर्चीत बसणाऱ्या माणसांचं दुखणं. आपण चालणारी, कष्ट करणारी माणसं. मंडळी, तसं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची सर्च ही संस्था आहे. त्यांच्या लोकांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ खेड्यांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. जंगलातला, कष्टकऱ्यांचा तो भाग. तिथं सगळ्यात जास्त मृत्यू लकव्यानं झालेले निघाले. शंभरातले १४, म्हणजे सातातला एक. आणि त्यातली बहुतेक माणसं घरीच गेली. मग आपल्या हिंगोलीच्या खेड्यांनी आपल्याला सूट आहे असं कशाच्या जोरावर समजायचं?

हे येतं कशानं? पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण बीपी, म्हणजे रक्तदाब. मोटरचा दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की नळी कडक होते, चिरते. वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्या वर येत असेल तर बीपी आहे असं समजा. तो दुखत नाही, हीच त्याची खोड. "मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" असं म्हणणारे या मंडपात निदान पन्नास जण आहेत, आम्हाला चेहरे माहीत आहेत! गोळीनं वरचा आकडा दहानं खाली आणला तरी लकव्याचा धोका सुमारे चौथाईनं कमी होतो. एवढा फायदा दुसऱ्या कोणत्याही तेलात, तावीजात नाही.

त्या वारीत यांच्या पिशवीत आम्ही पुढं गोळ्या शोधल्या. एकही नव्हती. घरी सांगून आले होते, "विठोबा सोबत आहे, गोळ्या कशाला?" आता हे नीट बोलायला पाहिजे. आपण वारकरी नेमाची माणसं. एकादशी चुकत नाही, हरिपाठ चुकत नाही, गळ्यातली माळ उतरत नाही. मग बीपीची गोळी हाही एक नेम का नसावा? देवानं दिलेल्या देहाची निगा राखणं हा देवावरचा अविश्वास नाही. वीणा आपण उन्हात टाकून देत नाही. मृदंगाला ओल लागू देत नाही. मग देहाला का?

दुसरं कारण तंबाखू. इथं थोडं कडू बोलणार, राग मानू नका. माळ घातली, मांस सुटलं, दारू सुटली. पण चंची सुटली का? गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते आणि आपणच घेतो. मायबहिणींची मिश्रीही तंबाखूच. बिडी असो की मळून दाढेत धरलेली असो, तंबाखूनं रक्ताच्या नळ्या आकसतात आणि गुठळी व्हायला वाट मिळते. अभंग म्हणायच्या तोंडात ती असावी का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. लकव्याचा धोका मात्र ती वाढवते. दारूचंही तसंच. ज्यांची सुटली नाही त्यांनी ती सोडावी.

तिसरं मीठ. दिवसाला सगळं मिळून चहाचा एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपलं ठेचा, लोणचं, पापड, फरसाण, खारे दाणे यातच ते संपतं. उपवासाचे वेफर्स खारेच असतात. अन्नदात्यांना हात जोडून विनंती, पंगतीत मीठ वरून वाढू नका आणि भाजीत हात आखडता घ्या. महाप्रसादाची गोडी त्यानं कमी होत नाही.

चौथं शुगर. तिच्यानं नळ्या आतून खराब होतात. शुगरवाल्यांनी एकादशीचा निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर उपाशी चाललात तर साखर उतरून रस्त्यातच कोसळाल. पाचवं, हृदयाचे ठोके अनियमित पडणं. छातीत धडधड होते, ठोका चुकल्यासारखा वाटतो, तर ईसीजी काढून घ्या. अशा हृदयात गुठळी तयार होते आणि ती थेट मेंदूत जाते. त्यावर औषध आहे, ते डॉक्टर देतात.

मायबहिणींना वेगळं सांगतो. तुम्ही दुखणं अंगावर काढता. घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर स्वतःकडं बघता. तीस वर्षं ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी आणि शुगरची तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, फुकट होते. आशाताई घरी येऊन विचारते तेव्हा "मला काही नाही" म्हणून तिला वाटेला लावू नका. २०२३ पासून सरकारनं वारीत "आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी" हा उपक्रम सुरू केला आहे. पालखीच्या वाटेवर तपासणी होते. तिथं नुसती मलमपट्टी करून पुढं निघू नका, हात पुढं करा आणि बीपी मोजून घ्या.

ज्यांना एकदा लकवा होऊन गेलाय त्यांच्या घरच्यांना दोन शब्द. पहिला, गोळ्या आयुष्यभर चालू ठेवा, कारण एकदा आलेला परत येऊ शकतो. दुसरा, व्यायाम सोडू नका. पहिल्या तीन-चार महिन्यांत अंग जास्त परततं, पण त्यानंतरही परततच राहतं. हात हलवा, उभं करा, चार पावलं चालवा. आणि माणसाला कोपऱ्यात टाकू नका. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नसतं. बऱ्याच जणांना सगळं कळतं, शब्द तेवढा सापडत नाही. त्यांच्यासमोर "आता यांचं काही खरं नाही" असं बोलू नका. ते ऐकतात.

आता शताब्दीच्या निमित्तानं दिंडीपुढं आमच्या मागण्या ठेवतो. पैशाचं काम फार नाही.

एक, वारीला निघायच्या आधी प्रत्येकाची बीपी आणि शुगर मोजायची आणि वहीत लिहायची. आकडा फार असेल त्यानं आधी डॉक्टर, मग पताका. दोन, गोळ्या चालू असलेल्यानं जायच्या-यायच्या सगळ्या दिवसांच्या आणि वर आठ दिवसांच्या गोळ्या सोबत घ्यायच्या. गळ्यातल्या पाकिटात नाव, गाव, घरचा फोन आणि गोळ्यांची नावं लिहिलेला कागद ठेवायचा. तीन, रोज हरिपाठ झाला की चोपदारांनी एकदा पुकारायचं, "गोळ्या घेतल्या का?" चार, प्रत्येक मुक्कामाला जवळचा सीटी स्कॅनवाला दवाखाना कोणता, तो आधी विचारून वहीत लिहायचा. आणि एक गाडी, तिचा ड्रायव्हर आणि चावी रात्री एकाच जागी असली पाहिजे. पाच, रांगेत चालताना शेजाऱ्याकडं लक्ष ठेवायचं. त्याचा टाळ सुटला, पाऊल अडखळलं, शब्द जड आला, तर त्याला हसवा, हात वर करायला लावा, नाम घ्यायला लावा आणि घड्याळ बघा. "सकाळी बघू" हे दोन शब्द आपल्या दिंडीतून कायमचे गेले पाहिजेत. सहावी मागणी चंचीची. ती पंढरपुरात चंद्रभागेत टाकू नका, नदी आधीच घाण आहे. निघायच्या दिवशी घरच्या उकिरड्यावर टाका.

नरसीचे नामदेव महाराज आपल्याच जिल्ह्याचे. पंढरीच्या महाद्वारात पायरीशी विसावले, संतांचे पाय लागावेत म्हणून. आपणही एकमेकांच्या पाया पडतो. ज्याच्या पाया पडतो, त्याचा पाय उद्या उचलेनासा होऊ नये, एवढी काळजी घेणं आपल्या हातात आहे.

शेवटी खांबाला टेकून बसलेल्या आमच्या माणसाचं सांगतो. त्यांना आज पाणी मागता येत नाही. नातवाचं नाव ओठांवर येत नाही, मग डोळ्यांत पाणी येतं. पण भजन सुरू झालं आणि गजर वाढला की त्यांच्या तोंडून "विठ्ठल, विठ्ठल" स्पष्ट निघतं. पहिल्यांदा झालं तेव्हा सगळ्यांनी चमत्कार म्हणून हात जोडले. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, रोजचं बोलणं आणि गाणं-नामस्मरण मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालतं. वर्षानुवर्षं मुरलेलं नाम दुसऱ्या बाजूला टिकून राहू शकतं. आम्हाला दोन्ही पटलं. साठ वर्षं घेतलेलं नाम त्यांना सोडून गेलं नाही. पण त्या रात्री आम्ही घड्याळ बघितलं असतं, तर नामासोबत नातवाचं नावही कदाचित राहिलं असतं.

आता भजन सुरू होईल. त्यांचा डावा हात अजून चालतो. मृदंगावर थाप पडली की तो मांडीवर ताल धरतो. येत्या आषाढीला गाडीत बसवून त्यांना पंढरपूरला न्यायचं ठरलं आहे, आणि या वेळी पिशवीत गोळ्या पहिल्यांदा ठेवल्या जाणार आहेत.

बोलण्यात कोणाला लागलं असेल तर लेकरं समजून पदरात घ्या.

राम कृष्ण हरी!